घरातल्या वायफायचा ताबा घरच्यांकडे हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक गावात फायबर पोचलं, तमुक वाडीत इंटरनेट आलं, अशा बातम्या आपल्या जिल्हा पानावर आता नेमाने असतात. चांगलंच आहे. पण जोडणी दारापर्यंत आल्यावर दाराच्या आत पुढे काय होतं, याविषयी कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी चिपळूणला राहत्या घरातच अक्षरजुळणीचं काम करते. स्मरणिका, प्रश्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, येईल ते. घरात तीन संगणक, एक प्रिंटर आणि त्यांना जोडणारं बिनतारी नेटवर्क आहे. कामाची सगळी ये-जा त्यावरूनच होते. ते लावताना, बिघडल्यावर दुरुस्त करताना आणि ओळखीच्या घरांत लावून देताना जे पाहिलं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की घरातलं नेटवर्क ही घरच्यांची वस्तू आहे. राउटर कुठे बसवायचा, नेटवर्कमध्ये कोणाला घ्यायचं, पासवर्ड काय ठेवायचा, हे घरच्यांना ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माहिती जोडणी देणाऱ्याने त्यांच्या हातात ठेवली पाहिजे. आज तसं होत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. वायफाय म्हणजे इंटरनेट असं बहुतेक जण धरून चालतात. नेट बंद पडलं की “वायफाय गेलं” म्हणतात. वास्तविक राउटरची कामं दोन आहेत. घरातली यंत्रं एकमेकांशी जोडायची हे एक, आणि त्या सगळ्यांची बाहेरच्या इंटरनेटशी गाठ घालून द्यायची हे दुसरं. बाहेरची केबल तुटली तरी पहिलं काम चालूच राहतं. आमच्याकडे महामार्गाच्या कामात जेसीबीचा पंजा केबलला लागला की कधी दिवसभर इंटरनेट नसतं. त्या दिवशीही खालच्या संगणकावरची फाइल मी वरच्या लॅपटॉपवर उघडते, दुरुस्त्या करते आणि प्रिंट काढते. बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध येत नाही.

हे माहीत नसल्यामुळे लोक काय काय करतात ते पाहून वाईट वाटतं. ओळखीचे एक वकील एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कागद न्यायचा तर स्वतःलाच मेल पाठवतात. एका फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर व्हॉट्सॲपने जातात. वाटेत फोटोचा आकार कमी होतो आणि अल्बम छापताना चेहरे फुटतात. उरलेले सगळे पेनड्राइव्हवाले, आणि एका पेनड्राइव्हमधला व्हायरस गावातल्या सगळ्या झेरॉक्सच्या दुकानांत फिरून येतो. या प्रत्येकाच्या घरात किंवा दुकानात राउटर आहे. हे काम तो फुकटात आणि कितीतरी लवकर करू शकतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या खालच्या खोलीतल्या जुन्या संगणकाचं उदाहरण देते. त्यावर विंडोज ७ आहे. जुन्या फाँटमध्ये जुळवलेली कामं त्यावरच नीट उघडतात, कारण ते जुळणीचं सॉफ्टवेअर मागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र, लावल्याशिवाय चालू होत नाही आणि ते डोंगल नवीन संगणक ओळखत नाही. जुळणीच्या धंद्यातल्या अनेकांकडे असा एक संगणक जपून ठेवलेला असतो. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं १४ जानेवारी २०२० पासून थांबवलं. तेव्हा तो इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं. म्हणून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, मी हाताने भरला आहे आणि गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या पत्त्याची, जागा रिकामी ठेवली आहे. त्याच खिडकीत आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) समोरची खूणही काढली आहे. ती राहिली तर संगणक त्या वाटेने परस्पर बाहेर पोचू शकतो. आता तो घरातल्या दोन्ही संगणकांना दिसतो, प्रिंटरशी बोलतो, पण घराबाहेर त्याला रस्ता नाही. घरचं नेटवर्क आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी लोकांना हा संगणक दाखवूनच समजावते.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ ची आठवण करून द्यायला नको. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजली, आमच्या खालच्या खोलीत टेबलं बुडाली. तिथले दोन्ही संगणक चिखलात गेले. विंडोज ७ चा जो संगणक वर म्हटला तो त्यानंतर जुन्या बाजारातून मिळवलेला आहे. डोंगल वरच्या कपाटात होतं म्हणून हाताशी राहिलं. काम मात्र एकाही ग्राहकाचं गेलं नाही. त्याचं कारण असं की संध्याकाळी दुकान बंद करताना खालच्या संगणकावरची त्या दिवशीची सगळी कामं वरच्या मजल्यावरच्या डिस्कवर आपोआप उतरत होती. मुलीने कधीतरी चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून दिली होती. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी नावाची आज्ञा त्यात आहे. आदल्या दिवसानंतर जेवढ्या फाइली नव्या झाल्या किंवा बदलल्या, तेवढ्याच ती उचलते आणि वायफायवरून वर पाठवते. ऑगस्टमध्ये ज्या संस्थेची स्मरणिका निघायची होती, तिच्या सचिवांना वाटलं होतं की सगळं पुन्हा जुळवावं लागणार. वीज आल्यावर वरची डिस्क लावली आणि पानं जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

लोक विचारतात, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत, का नाही ठेवत? ठेवावं की. पण आमच्या कामातल्या चित्रांच्या फाइली मोठ्या असतात, आणि पावसाळ्यात इंटरनेट टिकेलच असं नाही. घरातल्या घरात वरच्या मजल्यावर एक प्रत जाणं हे नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या दुकानदाराला, डॉक्टरला, शाळेच्या कार्यालयाला परवडणारं आहे. कोल्हापूर, सांगली, महाड या गावांनाही हे लागू आहे. त्यासाठी महिन्याचं भाडं नाही. एक डिस्क आणि नीट लावलेलं वायफाय पुरतं.

नीट लावलेलं, हे महत्त्वाचं. आणि इथेच माझी तक्रार आहे.

जोडणी द्यायला येणारी मुलं कष्टाळू असतात. शिडी खांद्यावर घेऊन पावसात फिरतात, दिवसाची ठरलेली कामं त्यांना उरकायची असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण आमच्याकडे आलेल्या मुलाने राउटरचा डबा थेट पुढच्या दाराच्या वर, विजेच्या मीटरच्या पेटीशेजारी ठोकायला घेतला. मी म्हटलं, मधल्या खोलीत बसव. तो म्हणाला, “काकू, फायबर वळत नाही. इथेच बसतो सगळीकडे.” फायबर काटकोनात मोडून चालत नाही हे खरं, पण गोलसर वळण देऊन ती घरात कुठेही नेता येते. दहा-पंधरा मीटर जास्त वायरीचा प्रश्न होता, आणि तिचे पैसे मी द्यायला तयार होते.

कोकणातली घरं जांभ्याची. आमच्या जुन्या भागातली भिंत हातभर जाडीची आहे. वायफायच्या लहरी घरातल्या बहुतेक राउटरांत दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातली लहर साधारण बारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्यातली पाच-सहा सेंटिमीटरची. ५ चा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ चा पट्टा त्यापेक्षा पलीकडे पोचतो, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात. त्यात पावसाळ्यात जांभा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून जाताना लहरी आणखी क्षीण होतात. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हेही अडथळेच. पाण्याची टाकी तर सगळ्यात वाईट. हे सगळं लक्षात घेतलं तर पुढच्या दारावरचा डबा निम्मं वायफाय रस्त्यावर सांडतो आणि मागच्या खोलीत फोनवर एक काडी दिसते. मग लोक म्हणतात कंपनीचा वेग खराब, आणि महागडा प्लॅन घेतात. डबा घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीच्या जरा वर, उघड्यावर ठेवला तर त्याच प्लॅनमध्ये काम भागतं.

मध्यावर बसवणं अगदीच शक्य नसेल तर कंपनीचा डबा दारापाशी राहू द्यावा आणि त्याच्यापासून आत एक नेटवर्कची केबल ओढावी. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते. तिच्या आतल्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर लावता येतो. त्यासाठी जुन्या राउटरमधलं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, कारण एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्यायचा, आणि केबल त्याच्या इंटरनेटच्या भोकात न घालता बाकीच्या चारांपैकी एकात घालायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला की फोन घेऊन घरभर फिरलं तरी तुटत नाही. आम्ही वरच्या मजल्यासाठी हेच केलं आहे. विकत मिळणारे सिग्नल वाढवायचे छोटे डबे मी कुणाला सुचवत नाही. त्यातले बरेचसे आलेली माहिती त्याच पट्ट्यावरून पुन्हा पुढे फेकतात, त्यामुळे काड्या पूर्ण दिसतात आणि वेग निम्मा होतो.

दोन संगणक एकाच राउटरवर वायफायने असतील तर त्यांच्यातली फाइलसुद्धा हवेतून दोनदा जाते, एकदा पहिल्याकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून दुसऱ्याकडे. म्हणून दोघांपैकी जो जागचा हलत नाही तो केबलने जोडावा. राउटरवरची भोकं १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असतील तर सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइट जातात, म्हणजे चार जीबीचं काम सहा मिनिटांच्या आसपास. गिगाबिटची असतील तर वायरने याच्या सात-आठ पट वेग मिळू शकतो. राउटर विकत घेताना खोक्यावर एवढं एक वाचून घ्यावं.

आता पासवर्ड. आमच्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणून माझा मोबाइल नंबर टाकून जोडणी द्यायला आलेली मंडळी गेली होती. गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच तऱ्हा आहे. नेटवर्कचं नाव आडनावाने आणि पासवर्ड फोन नंबरने, आणि तो नंबर दुकानाच्या पाटीवर लिहिलेला! मी तो त्याच दिवशी बदलला. पण वायफायचा पासवर्ड वेगळा आणि खुद्द राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड वेगळा, हे फार थोड्यांना माहीत असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा कंपनीने दिलेला तसाच दुसरा पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. तिथे नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन, असं अजून कितीतरी घरांत आहे. मी आमच्या कंपनीकडे तो पासवर्ड मागितला तेव्हा फोनवरच्या मुलीने सांगितलं की तो ग्राहकाला देत नाहीत. माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणाऱ्या डब्याची किल्ली मला का नको? पुष्कळ पाठपुरावा केल्यावर ती मिळाली. ज्यांना पाठपुरावा करता येत नाही, त्यांनी काय करायचं?

ही बारीकसारीक कुरकुर नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं होतं. त्यानंतरच्या मेलसाठी मुंबईतल्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कार्यालयाचं वायफाय वापरलं गेलं. ज्यांचं वायफाय होतं त्यांना पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षेबाबत कंपन्यांना सूचना काढल्या. आणि जुलै २०१७ मध्ये आपल्याच देशातले हजारो ब्रॉडबँड मोडेम एका व्हायरसने बंद पाडले, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता. इतकं होऊनही आज नवीन जोडणीत फोन नंबरच टाकला जातो.

राउटरच्या पानावर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार निवडताना यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नये. ते २००१ मध्येच फोडलं गेलं. निदान डब्ल्यूपीए-२ हवं, आणि सगळी यंत्रं घेत असतील तर डब्ल्यूपीए-३. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. पासवर्ड लांब असावा, अवघड असायलाच हवा असं नाही. चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तर घरातल्या आजींनाही पाठ होतात आणि बाहेरच्याला सुचत नाहीत. म्हणी आणि देवांची नावं मात्र टाळावीत.

माझ्याकडे ग्राहक मुद्रितं तपासायला येऊन बसतात आणि वायफाय मागतात. नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांच्यासाठी राउटरमध्येच पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क सुरू केलं आहे. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातले संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. शिकवणी घेणारे, दवाखानावाले, होम-स्टे चालवणारे यांनी तर हे करायलाच हवं. याची उलटी अडचणही येते. काही कंपन्यांच्या डब्यांत घरातली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय मुळातच चालू असते. दोन्ही संगणकांवर इंटरनेट छान चालतं पण एकमेकांना ते सापडत नाहीत, आणि माणूस विंडोजमध्ये शोधून शोधून थकतो. अशा वेळी राउटरच्या पानावर ‘आयसोलेशन’ असा शब्द शोधून तो बंद करावा. त्यासाठी पुन्हा तोच राउटरचा पासवर्ड लागतो, जो कंपनी देत नाही.

विंडोजमध्ये दोन गोष्टींवर सगळ्यांचं घोडं अडतं. पहिली, वायफायच्या माहितीत नेटवर्क ‘पब्लिक’ असं असतं. घरात ते ‘प्रायव्हेट’ करायचं, मगच संगणक इतरांना दिसू देतो. दुसरी, दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर उघडताना नाव आणि पासवर्ड विचारतात तेव्हा लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात आणि तो नाकारला जातो. पिन फक्त त्याच संगणकासमोर बसून चालतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही त्यातून नेटवर्कवरून आत जाता येत नाही. मी प्रत्येक संगणकावर ‘काम’ नावाचं एक वेगळं साधं खातं केलं आहे, त्याला एकच पासवर्ड आहे, आणि फक्त एक फोल्डर त्या खात्याला खुलं आहे. सगळी सी ड्राइव्ह उघडी टाकायची गरज नसते. होमग्रुप नावाची जुनी सोपी सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढली, म्हणून जुन्या पुस्तकांतल्या पायऱ्या आता जुळत नाहीत.

प्रिंटरचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण याच एका कारणासाठी मला सर्वांत जास्त फोन येतात. आमच्याकडे वीज येते-जाते. परत आली की राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो, आणि कधी कधी प्रिंटरला कालच्यापेक्षा वेगळा पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो आणि ‘प्रिंटर ऑफलाइन’ असं दाखवतो. लोक प्रिंटर काढून पुन्हा बसवतात, दुरुस्तीवाल्याला बोलावतात, त्याचे तीनशे-चारशे जातात, आणि पुढच्या खेपेला वीज गेली की पुन्हा तेच. उपाय एकदाच करायचा असतो. प्रिंटरमधून त्याची माहितीची पट्टी छापून घ्यायची. तीवर बारा अक्षरांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राची कायमची ओळख, असतो. राउटरच्या पानावर पत्ते राखून ठेवायची जागा असते, तिथे तो टाकायचा आणि त्याच्यापुढे एक पत्ता कायमचा लिहायचा. आमच्या प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा ५० आहे. वीज कितीदा गेली तरी तो तिथेच सापडतो. आणखी एक, स्वस्त प्रिंटर बहुधा फक्त २.४ चाच पट्टा ओळखतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल आणि प्रिंटर जोडताना अडत असेल, तर दोन नावं वेगळी करावीत. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी दोघं एकाच घरच्या नेटवर्कात असतात, छपाई होते.

विजांबद्दलही लिहिते. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा कडाडतात तेव्हा घराबाहेरून गेलेली तांब्याची नेटवर्क केबल विजेचा झटका आत आणू शकते. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे गोठ्यापर्यंत किंवा बाहेरच्या ऑफिसपर्यंत नेटवर्क न्यायचं तर उघड्यावरून तांब्याची केबल ओढण्यापेक्षा खिडकीपाशी राउटर ठेवून हवेतून न्यावं, नाहीतर फायबर टाकावी. आभाळ भरून आलं की राउटरचा प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना असावी.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जोडणी पूर्ण झाल्यावर ग्राहकाची सही घेतात, त्याच कागदावर राउटरचा पासवर्ड ग्राहकाला दिला आणि वायफायचा पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाकला, अशा दोन ओळी छापाव्यात. डबा कुठे बसवायचा ते ग्राहकाला विचारावं, जास्तीच्या वायरीचे पैसे सांगावेत. जोडणाऱ्या मुलांना या दोन गोष्टींसाठी लागणारा वेळ त्यांच्या दिवसाच्या कामात धरावा, नाहीतर सगळा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर पडेल. घर बांधणाऱ्यांनी आणि वायरमननी भिंतीच्या आतलं (कन्सील्ड) वायरिंग करताना प्लास्टरच्या आधी मधल्या खोलीपासून प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप टाकून ठेवावा. टीव्ही आणि एसीसाठी पाइप असतो, यासाठी नसतो, आणि मग नव्या कोऱ्या भिंतीवरून केसिंग पट्ट्या फिरतात. महापुरानंतर आमच्याकडे कितीतरी घरांची दुरुस्ती झाली, पण असा पाइप मला क्वचितच दिसला. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरगुती वापरासाठी सरकारने २००५ मध्ये विनापरवाना खुला केला. परवाना लागत नाही, भाडं लागत नाही, यंत्र घरात आहे. असं असताना लोकांना फक्त माहितीअभावी त्याचा निम्मा उपयोग मिळावा हे मला बरोबर वाटत नाही.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की आठवड्यातून एकदा या विषयासाठी थोडी जागा द्यावी. ओळखीच्या घरांसाठी मी मराठीत एक पान जुळवलं आहे. राउटरचं पान कसं उघडायचं, पासवर्ड कुठे बदलायचे, फोल्डर आणि प्रिंटर कसे जोडायचे, एवढंच त्यात आहे, अक्षर मोठं ठेवलं आहे. त्याची एक प्रत पत्रासोबत जोडते आहे. छापलंत तर माझ्या नावाची गरज नाही, आणि ज्याला हवं त्याने त्याच्या झेरॉक्स काढून वाटाव्यात.

कळावे,
आपली वाचक,
एक अक्षरजुळणीकार, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)